‘डॉक्टरांना विचारा’ म्हणण्याआधी

एका परिचारिकेने पाठवलेल्या सविस्तर पत्राचा हा सारांश आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

पत्रलेखिका बरीच वर्षे एका मोठ्या रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात काम करतात. काही आठवड्यांपूर्वी त्यांच्या वॉर्डात एक वृद्ध बाई होत्या. त्यांचा कर्करोग यकृतापर्यंत पसरला होता आणि यापुढे रोगावर उपचार न करता फक्त त्रास कमी करायचा, असे डॉक्टर आणि कुटुंब यांचे ठरले होते. एक मुलगी आणि दोन मुलगे आळीपाळीने जवळ थांबत. मुलगी सारखी म्हणे, “आई काही खात नाही, निदान सलाईन तरी लावा.” थोरल्या मुलाने ‘किती दिवस आहेत’ असे विचारले, तेव्हा ‘डॉक्टरांना विचारा’ एवढे बोलून पत्रलेखिका पुढच्या खाटेकडे वळल्या. धाकट्याने ‘आईला काही कळू द्यायचे नाही’ असे बजावून ठेवले होते, पण एका पहाटे बाईंनीच त्यांचा हात धरून विचारले, “सिस्टर, मी आता घरी जायची नाही ना?” पत्रलेखिकेने उशी सारखी केली आणि विषय बदलला. शेवटच्या रात्री घशात घरघर लागली, तेव्हा धाकटा मुलगा ओरडला, “आई गुदमरतेय आणि तुम्ही नुसत्या बघत उभ्या आहात!” पहाटे बाई गेल्या. मुलीबरोबर पत्रलेखिकेच्याही डोळ्यांत पाणी आले. ते पाहून ज्येष्ठ सिस्टर म्हणाल्या, “अशी गुंतत राहिलीस तर या नोकरीत टिकायची नाहीस.” तेव्हापासून अखेरच्या अवस्थेतल्या रुग्णाजवळ नातेवाईक बसलेले दिसले की त्या औषध देऊन लगेच परत फिरतात. त्या लिहितात, “मी रुग्णाची सेवा करायला शिकले, नातेवाइकांचे सांत्वन करायला मला कोणी शिकवले नाही. मला ते शब्द सुचत नाहीत आणि तीस खाटांच्या वॉर्डात तेवढा वेळही नसतो. ऑपरेशन थिएटरमध्ये बदली मागू का?”

प्रिय सिस्टर,

बदलीच्या प्रश्नाकडे मी शेवटी येते, कारण त्याचे उत्तर बाकीच्या गोष्टींवर अवलंबून आहे. तुमच्या पत्रातले एक वाक्य मात्र आधी घेते. ‘मी रुग्णाची सेवा करायला शिकले, नातेवाइकांचे सांत्वन करायला मला कोणी शिकवले नाही,’ असे तुम्ही म्हणता. या वाक्यात तुम्ही दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. रुग्णाची सेवा आणि त्याच्या माणसांकडे लक्ष देणे ही दोन निराळी कामे आहेत, ही एक; आणि त्या माणसांना तुमच्याकडून सांत्वन हवे असते, ही दुसरी. मला दोन्ही पटत नाहीत.

दुसरी आधी पाहू. त्या तीन भावंडांनी तुम्हाला काय विचारले, ते तुमच्याच पत्रातून पुन्हा वाचा. मुलीने विचारले, सलाईन का लावत नाही. थोरल्याने विचारले, किती दिवस. धाकटा ओरडला खरा, पण त्याच्या ओरडण्यातही प्रश्नच होता: आई गुदमरते आहे का, आणि तुम्ही काही करणार आहात की नाही. यांतल्या कोणीही ‘आमचे सांत्वन करा’ असे म्हटलेले नाही. डोळ्यांसमोर जे घडत होते त्याचा अर्थ त्यांना लागत नव्हता, आणि रात्रीच्या वेळी त्या खाटेजवळ तो एकट्या तुम्हालाच लागत होता. शब्द सुचत नाहीत म्हणून तुम्ही दूर जाता. पण त्यांना हवे असलेले शब्द शोकसभेतले नव्हते, तुमच्या रोजच्या कामातलेच होते.

आता पहिली. आधी परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि त्यानंतर डॉक्टर झालेल्या सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणासन्न रुग्णांची काळजी घेणारी संस्था, सुरू केली. मरणाच्या वाटेवरच्या माणसाची वेदना केवळ शरीराची नसते. तिच्यात मनातली भीती, घरच्यांची काळजी, पैशाची विवंचना आणि ‘हे माझ्याच वाट्याला का’ हा प्रश्न असे सगळे मिसळलेले असते, ही त्यांची मांडणी आज जगभरातील उपशामक सेवेचा, म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करण्यावर भर देणाऱ्या सेवेचा, पाया मानली जाते. जागतिक आरोग्य संघटनाही या सेवेची व्याख्या करताना रुग्णाच्या बरोबरीने कुटुंबाचे नाव घेते. हे तात्त्विक वाटत असेल, तर तुमच्या वॉर्डातलाच प्रकार आठवा. घाबरलेली लेक आईच्या तोंडाला चमचा लावते, लेकीला वाईट वाटू नये म्हणून आई घोट घेते, तो श्वासनलिकेत जातो आणि रात्रभर खोकला थांबत नाही. लेकीशी पाच मिनिटे न बोलल्याचा त्रास इथे आईला झाला. मग ते बोलणे रुग्णसेवेत धरायचे की बाहेर?

खाण्यापिण्याच्या या प्रश्नावर मी थोडी अधिक थांबते, कारण अखेरच्या दिवसांत नातेवाइकांचा जीव सर्वांत जास्त इथे अडकतो. ‘आपले माणूस उपाशी मरते आहे’ ही कल्पना कोणालाही सहन होण्यासारखी नसते, आणि ‘आता त्यांना नको असते’ एवढ्या तुटक वाक्याने ती जात नाही. शरीराचे काम आटोपत येते तसतशी भूक आणि तहान मंदावते, पचन थांबत जाते आणि दिलेले अन्न शरीर वापरू शकत नाही. खाणे थांबल्यामुळे मरण येत नसते. मरण जवळ आल्यामुळे खाणे थांबलेले असते. हा क्रम नातेवाइकांना स्पष्ट उलगडून सांगावा लागतो, आणि एकदा सांगून भागत नाही. सलाईनविषयी अमेरिकेत कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील १२९ रुग्णांवर झालेला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक नीट आखलेला अभ्यास आहे. त्यात काहींना रोज एक लिटर सलाईन दिले गेले, तर काहींना नावापुरते १०० मिलिलिटर. थकवा, गुंगी, भ्रम यांसारख्या त्रासांत किंवा आयुष्याच्या लांबीत दोन्ही गटांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. उलट मूत्रपिंडे आणि हृदय थकलेले असताना बाहेरून घातलेले पाणी पायांवर सूज आणते आणि घशातली घरघर वाढवू शकते. अर्थात प्रत्येक रुग्णाचा निर्णय डॉक्टरांचाच असतो आणि क्वचित थोडे सलाईन देणे योग्यही ठरते. पण ‘सलाईन नाही म्हणजे उपेक्षा’ हा समज तुम्ही दूर करू शकता.

तो दूर करताना हातात काहीतरी द्यावे लागते. मुलीला आईसाठी काही करायचे होते आणि तिला ठाऊक असलेली एकमेव गोष्ट, म्हणजे खाऊ घालणे, तिच्याकडून काढून घेतली गेली होती. तिला तोंडाची निगा शिकवा. डोके किंचित वर आणि एका कुशीकडे कललेले असावे. मऊ गॉज किंवा स्पंज पाण्यात बुडवून अगदी घट्ट पिळायचा, म्हणजे घशाकडे थेंब ओघळणार नाही, आणि आधी ओठ, मग गालांच्या आतली बाजू, मग जीभ असे हलकेच पुसायचे. जिभेच्या मुळाशी जायचे नाही, तिथे उबळ येते. मग ओठांना मलम लावायचे. ऑक्सिजन चालू असेल तर तेलकट मलमाऐवजी पाण्यावर आधारित मलम वापरायला सांगा. दर एक-दोन तासांनी हे करायचे. जाणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा तहानेपेक्षा कोरड्या तोंडाचा त्रास अधिक असतो, त्यामुळे हे काम लेकीला गुंतवून ठेवण्यासाठी दिलेले नाही. त्याने आईला खरोखर बरे वाटते. लेकीच्या हाताने झाले तर तुमचाही तेवढा वेळ वाचतो, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

धाकट्या मुलाच्या ओरडण्याबद्दल तुम्ही लिहिले आहे की ते अजून कानांत घुमते. ‘तो राग तुमच्यावर नव्हता, परिस्थितीवर होता’ असे म्हणून मी तुम्हाला मोकळे करू शकते, पण ते पुरते खरे नाही. काही अंशी तो तुमच्यावरच होता, कारण त्याला त्या आवाजाची आगाऊ कल्पना कोणीच दिली नव्हती. गिळण्याची आणि खोकण्याची ताकद गेल्यावर घशात साचलेली लाळ श्वासाबरोबर वर-खाली होते आणि घरघर ऐकू येते. त्या वेळी रुग्ण सहसा गाढ बेशुद्धीत असतो. त्याला त्रास होतो आहे का, हे आवाजावरून ठरवायचे नसते. कपाळावर आठ्या आहेत का, मुठी वळल्या आहेत का, अंग ताठले आहे का, हे पाहायचे असते. हीच खूण मुलाला दाखवली असती तर तोही पाहू शकला असता. कुशीवर वळवणे, डोके थोडे उंच करणे आणि डॉक्टरांनी लिहून ठेवले असेल तर ग्लायकोपायरोलेट किंवा हायोसिनसारखे औषध देणे हे उपाय आहेत. ही औषधे नवी लाळ कमी करतात, साचलेली काढत नाहीत, म्हणून ती सुरुवातीलाच दिलेली बरी. नळी खोल घालून लाळ ओढून काढण्याने (सक्शन) बहुधा त्रासच वाढतो. ही औषधे आणि वेदना किंवा अस्वस्थता वाढल्यास द्यायची औषधे आधीच केसपेपरवर लिहून घेणे ही संध्याकाळच्या राउंडला मागून घ्यायची गोष्ट आहे; मध्यरात्री धावाधाव करण्याची नाही.

आगाऊ सांगण्यासारखे आणखीही असते. झोपेचे तास वाढतात. लघवी कमी आणि गडद होते. हातपाय गार पडतात, गुडघ्यांवर आणि तळव्यांवर निळसर-जांभळी नक्षी दिसू लागते. श्वास भराभर येतो, मग मंदावतो, मग इतका वेळ थांबतो की सगळे उठून उभे राहतात, आणि पुन्हा सुरू होतो. काही रुग्ण अंथरूण चाचपतात, कपडे ओढतात, हयात नसलेल्या माणसांशी बोलतात. यांतले सगळे प्रत्येकाच्या बाबतीत होईलच असे नाही, हेही सांगावे. ‘असे झाले तर घाबरू नका, मला हाक मारा’ या वाक्याने जोडून हे सांगितले की त्याची भीती कमी होते. मात्र नातेवाइकाने हे ऐकायचे आहे की नाही, ते त्यालाच ठरवू द्यावे. ‘पुढच्या एक-दोन दिवसांत काय दिसू शकते ते सांगू का?’ असे विचारल्यावर काही जण ‘नको’ म्हणतात. तो नकार तेवढ्यापुरता मानावा आणि पाळी संपण्याआधी पुन्हा एकदा विचारावे.

कोणी ओरडलाच, तर आधी रुग्णाकडे वळा. नाडी पाहा, उशी उंच करा, कुशीवर वळवा. हे सगळे तुम्ही एरवीही कराल, पण त्या वेळी ते त्याला दिसेल असे करा. मग आवाज खाली ठेवून ‘हा आवाज ऐकवत नाही, खरे आहे’ एवढे म्हणा आणि नंतर समजावून सांगा. स्वतःच्या कामाचे समर्थन त्या क्षणी करू नका. पण धमकी दिली किंवा हात उगारला, तर मात्र तिथे थांबू नका, मदत बोलवा. करुणेच्या नावाखाली मार खाण्याची अपेक्षा कोणीही परिचारिकेकडून करू नये, आणि तिने स्वतःकडूनही करू नये.

थोरल्या मुलाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. आयुष्य किती उरले हे सांगणे डॉक्टरांचे काम, ही तुमची भूमिका नियमाने बरोबर आहे. डॉक्टरांनाही ते सहजी जमत नाही. शिकागोत ४६८ रुग्णांवर झालेल्या आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डॉक्टरांचे अंदाज केवळ २० टक्के वेळा बरोबर निघाले आणि चुकलेल्या अंदाजांपैकी बहुतेक आशावादी होते. त्यामुळे आकडा कोणीच सांगू नये. तरीही ‘महिन्यांची गोष्ट राहिलेली नाही, दिवसांची आहे’ किंवा ‘आता दिवसही नाहीत, तास असावेत’ असे टप्प्यांच्या भाषेत सांगता येते. वॉर्डातल्या डॉक्टरांशी या भाषेबद्दल एकमत करून घ्या, म्हणजे दोघांच्या तोंडून दोन गोष्टी निघणार नाहीत. आणि उत्तर देण्याआधी प्रश्नामागचा प्रश्न शोधा. ‘हे विचारताना तुमच्या मनात काय आहे?’ असे म्हटले की कळते: दूरच्या बहिणीला आजच बोलवायचे की रविवारी, हे ठरत नसते; रजा संपत आलेली असते; किंवा नुसती इतक्या रात्रींची झोप झालेली नसते. पहिल्या बाबतीत ‘माझी बहीण असती तर मी आजच बोलावले असते’ हे वाक्य कोणत्याही आकड्यापेक्षा उपयोगी आहे, आणि त्याला कोणत्याही नियमाची आडकाठी नाही. जे तुम्ही सांगू शकत नाही ते डॉक्टरांकडे पाठवायचेच, पण ‘डॉक्टरांना विचारा’ म्हणण्याऐवजी ‘डॉक्टर आले की मी त्यांना तुमच्याकडे घेऊन येते आणि ते बोलत असतील तेव्हा मीही थांबते’ असे म्हणा. डॉक्टर गेल्यावर नातेवाईक नेहमी परिचारिकेकडेच पाहतात. ते काय बोलले हे तुम्ही ऐकलेले असेल, तर समजावता येते.

मॉर्फिनबद्दलही इथेच सांगून टाकते. योग्य मात्रेत, त्रासाच्या प्रमाणात वाढवत नेलेल्या मॉर्फिनने मरण लवकर येत नाही; पण कोणतेतरी इंजेक्शन शेवटचे ठरणारच असते, आणि ते द्या असे ज्याने सुचवले तो मुलगा वर्षानुवर्षे ते ओझे वाहतो. म्हणून पहिल्या मात्रेच्या वेळीच सांगून ठेवावे: हे औषध दुखणे आणि धाप कमी करते, यानंतर थोड्या वेळात आई गेली तरी ती आजाराने गेलेली असेल.

आता त्या पहाटेचा प्रसंग. धाकट्याने तुम्हाला गप्प राहायला सांगितले होते आणि बाईंनी थेट विचारले. तुमच्यापुढे सरळसरळ खोटे बोलणे, सरळसरळ खरे सांगणे किंवा विषय बदलणे एवढेच मार्ग होते, असे तुम्हाला वाटले आणि तुम्ही त्यांतला सर्वांत सौम्य दिसणारा मार्ग निवडला. पण त्यांच्या प्रश्नाची ठेवण पाहा. ‘मी घरी कधी जाईन’ असे त्यांनी विचारले नाही. ‘मी घरी जायची नाही ना’ असे विचारले. ज्याला उत्तर ठाऊक असते तोच असे विचारतो. त्यांना बातमी नको होती, बहुधा ती बोलता येईल असे कोणीतरी हवे होते. अशा वेळी प्रश्नच परत करता येतो: ‘तुम्हाला काय वाटते?’ किंवा ‘घरी काही राहून गेले आहे का?’ त्यांनी ‘वाटते आहे तसेच’ असे म्हटले, तर हात न सोडता ‘हो’ म्हणायला तुम्हाला कोणतीही नवी माहिती उघड करावी लागत नाही. त्यांनी विषय बदलला, तर तुम्हीही बदला. आणि जे झाले ते केसपेपरवर लिहा, डॉक्टरांना सांगा. कारण आजाराची माहिती आधी रुग्णाची असते, मग कुटुंबाची, आणि हा प्रश्न एकट्या परिचारिकेने पेलायचा नसतो.

मुलाशी यावर भांडू नका. तो आईला फसवत नसतो, स्वतःच्या परीने सांभाळत असतो. ‘त्यांना सांगितले तर काय होईल, अशी भीती तुम्हाला वाटते?’ असे विचारा आणि पूर्ण ऐकून घ्या. मग आपली मर्यादा शांतपणे सांगा: ‘मी आपणहून काही सांगणार नाही, पण त्यांनी मला थेट विचारले तर मी खोटे बोलणार नाही.’ आणि त्यांनी तसे विचारलेच असेल, तर तेही त्याला कळू द्या. पुष्कळदा आई मुलांसाठी आणि मुले आईसाठी एकच गोष्ट लपवत असतात, आणि दोघांनाही ती माहीत असते. लहान मुलांबाबतही हेच. नातवंडांना ‘आजी झोपली आहे’ असे सांगू देऊ नका. पुढे त्यांना झोपेचीच भीती वाटू लागते.

वेळेचा मुद्दा तुम्ही मांडलात, तो खोटा नाही. फ्रान्समधल्या २२ अतिदक्षता विभागांत मरणासन्न असलेल्या १२६ रुग्णांच्या कुटुंबांचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या कुटुंबांशी नेहमीप्रमाणे बोलणे झाले. उरलेल्यांशी आखून बैठक घेतली गेली आणि शोकाविषयी माहिती देणारी एक पुस्तिकाही त्यांना दिली गेली. नव्या पद्धतीच्या बैठका साधारण ३० मिनिटे चालल्या, नेहमीच्या २० मिनिटे. या दहा मिनिटांपेक्षा मला दुसरा फरक महत्त्वाचा वाटतो: नव्या पद्धतीत नातेवाईक साधारण १४ मिनिटे बोलले, जुन्या पद्धतीत अवघी पाच. तीन महिन्यांनी पाहिले, तेव्हा मानसिक आघाताची लक्षणे नव्या पद्धतीच्या गटात ४५ टक्के नातेवाइकांना होती, नेहमीच्या पद्धतीच्या गटात ६९ टक्के. वाढलेला जवळजवळ सगळा वेळ ऐकण्यात गेला होता.

तुमच्या वॉर्डात तीस मिनिटे मिळणार नाहीत. पण तुम्ही त्या खाटेपाशी दिवसातून अनेकदा जाताच. रुग्णाला कुशीवर वळवताना मुलाला दुसऱ्या बाजूने चादर धरायला सांगा आणि ते करता करता काय दिसते आहे ते बोला. दोन मिनिटे असतील तर ती बसून द्या; उभ्याने दिलेली पाच मिनिटेही घाईची वाटतात. ‘मी आता जाते आहे, औषधे देऊन पुन्हा येईन’ असे सांगून जा, आणि पुन्हा या. अखेरच्या दिवसांत काय दिसते, काय करता येते आणि कोणाला हाक मारायची, एवढे साध्या भाषेत लिहिलेले एक पानही डॉक्टरांच्या संमतीने तयार करता येईल. रात्री दोन वाजता ते पान पुन्हा वाचता येते. तुमचे बोलणे तेव्हा आठवेलच असे नाही. आणि हे सगळे करूनही तीस खाटांना एकच परिचारिका असेल, तर जे राहून जाईल त्याचा दोष तुमच्या करुणेच्या माथी मारू नका. तो मनुष्यबळाचा प्रश्न आहे आणि तो लेखी तक्रारीचा विषय आहे, आत्मपरीक्षणाचा नव्हे.

तुमच्या ज्येष्ठ सिस्टर अर्ध्या बरोबर आहेत, असे मला वाटते. डोळे भरून आले आणि हात आपले काम करत राहिले, यात गैर काही नाही. आपल्या आईसाठी सिस्टरच्याही डोळ्यांत पाणी आले होते, हे त्या मुलीच्या लक्षात राहील आणि ते तिला नकोसे वाटणार नाही. नातेवाइकांवरच तुम्हाला सावरण्याची वेळ आली, तर मात्र तिथून बाजूला व्हावे. सिस्टरांनी ही रेषा नीट आखून दिली नाही, एवढेच. त्या इतकी वर्षे टिकल्या आहेत, म्हणजे त्यांनी काहीतरी युक्ती शोधलेली असणार. टोमणा म्हणून घेण्यापेक्षा ‘तुम्ही कसे निभावता?’ असे एकदा त्यांना विचारून पाहा.

माणूस गेल्यानंतरच्या तासाभराबद्दलही थोडे सांगते. ‘त्या गेल्या आहेत’ असे स्पष्ट शब्दांत सांगावे. ‘प्रयत्न थांबवले’, ‘प्रतिसाद नाही’ अशा भाषेत आशा लोंबकळत राहते. यंत्रांचे आवाज बंद करा, नळ्या काढण्याचे नियम असतील तसे करा आणि चेहरा पुसा. अंग पुसायला किंवा केस विंचरायला हात लावायचा आहे का, असे घरच्यांना विचारा. त्यांच्या श्रद्धेनुसार काय करायचे आणि काय टाळायचे, हे त्यांच्याकडूनच जाणून घ्या. धर्म माहीत आहे म्हणून गृहीत धरू नका. चष्मा, अंगठी, वही असल्या वस्तू कचऱ्याच्या पिशवीत भरून हातात देऊ नका. आणि नेमक्या त्या क्षणी जो चहाला किंवा फोनवर बाहेर गेला होता, त्याला शोधून सांगा की असे फार जणांच्या बाबतीत होते आणि तो इतके दिवस जवळ होता, ते मोजायचे. ‘शेवटी आमचे ऐकू येत होते का’ असे कोणी विचारले, तर कॅनडात २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास सांगता येईल: प्रतिसाद देणे थांबलेल्या काही रुग्णांच्या मेंदूत आवाजाची नोंद होताना दिसली होती. त्यांना अर्थ कळत होता, असा दावा त्यावरून करता येत नाही. पण बोलत राहा, असे सांगायला तेवढे पुरे आहे.

आता बदली. ऑपरेशन थिएटरचे काम चांगलेच आहे, आणि ते आवडते म्हणून मागत असाल तर जरूर मागा. पण तुम्ही ते नातेवाइकांना टाळण्यासाठी मागत आहात, आणि तुम्हाला न जमलेली गोष्ट ‘जमत नाही’ या सदरातली नसून ‘कोणी दाखवली नाही’ या सदरातली आहे. म्हणून अर्जाआधी दोन गोष्टी मागा. तुमच्या रुग्णालयात किंवा जवळपास उपशामक सेवेचे पथक असेल, तर काही दिवस त्यांच्याबरोबर फिरण्याची परवानगी मागा. नातेवाइकांशी बोलणे पुस्तकातून येत नाही, कोणाच्या तरी मागे उभे राहून ऐकल्याने येते. आणि वॉर्डात एखादा मृत्यू झाला की पाळी बदलताना दहा मिनिटे सर्वांनी मिळून ‘काय नीट झाले, काय राहिले’ हे बोलण्याची मुभा मागा. पुढच्या काही महिन्यांत अशा दोन-तीन कुटुंबांसोबत थांबून पाहा. त्यानंतरही झोप उडालेली असेल, त्या बाई सारख्या डोळ्यांसमोर येत असतील, कामावर जाण्याच्या विचारानेच छातीत धडधडत असेल, किंवा रुग्णाबद्दल काहीच वाटेनासे झाले असेल, तर समुपदेशकाला भेटा आणि बदलीचा अर्ज निःसंकोच द्या. त्यात कारण लपवू नका. ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ असे मोघम लिहिण्याऐवजी ‘मरणासन्न रुग्णांची जबाबदारी दीर्घकाळ एकटीने सांभाळल्यामुळे’ असे लिहा, म्हणजे तुमच्या जागी येणाऱ्या सिस्टरला निदान ती एकटीने सांभाळावी लागणार नाही.